मंगळवारची पाहणी

११ जानेवारी

ताई,

पाकीट बघून घाबरू नकोस. घरात सगळे धडधाकट आहेत. फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोन उचलल्या उचलल्या तू "जेवलास का रे?" विचारतेस आणि मग माझं पुढचं सगळं तिथेच राहतं. कागद असलं काही विचारत नाही.

परवा ऑफिसच्या कामानं आपल्या गल्लीत गेलो होतो. म्हणजे काम नव्हतंच, महिन्यातून एकदा मी जातोच. आपल्या जागेवरची नवी इमारत पुरी झाली. सात मजले, काचेचे कठडे, दारात कुंडीतलं एक झाड आणि त्या झाडाची राखण करायला बसवल्यासारखा एक वॉचमन. वर माणसं राहायला आली आहेत. तळमजल्यावरचे गाळे मात्र रिकामे. काचांना आतून तपकिरी कागद चिकटवलाय. तुझं दुकान कुठे यायचं ते मी कोपऱ्यापासून पावलं टाकून काढलं. बावीस पावलं. वॉचमन म्हणाला, "काय हरवलं का काका?" मी म्हटलं, नाही.

पायरीही गेली. ज्या पायरीवर बसून बाबा शटलमध्ये अडकलेला दोरा चिमट्यानं ओढायचे आणि शिलाई मशीन घेऊन आलेल्या बाईला रागे भरायचे, ती. पाडताना ती कुठे टाकली, कोण सांगणार?

तुझ्या कारखान्यातल्या सुपरवायझरची गोष्ट मी हिला सांगितली. ऐंशी मशीनची रांग, आणि जावयाच्या वयाचा तो माणूस तुला तेल कुठे घालायचं ते दाखवतोय. ही पोट धरून हसली. आधी मलाही हसू आलं. ज्या बाईच्या दुकानापुढे शिंप्यांची रांग लागायची, तिनं लेकीच्या गावी जाऊन पगारावर दुसऱ्याची मशीनं सांभाळायची, यात हसण्यासारखं काय आहे?

मागच्या फोनवर तू चेष्टेनं विचारलंस, "गटाराचा फोटो काढून नेला होतास, तीन वर्षं झाली. गटार अजून धुतायत का तुझे साहेब?" मी हसलो. 

सांगायचं दुसरंच होतं. ते राहिलं.

तुझा
बारक्या

(सत्तावन्न वर्षांचा झालो, पण तुला लिहिताना दुसरं नाव हाताला येत नाही.)


२४ जानेवारी

ताई,

तुझं पत्र मिळालं. कापड बेतायच्या कागदावर लिहिलंयस, मागे अजून बाहीची रेघ आहे. तीनदा वाचलं. त्यातली काही वाक्यं मला पाठच झाली आहेत.

तू लिहितेस, "वकीलबाई भेटायला आली होती. आपल्या शेजारच्या शिंपीकाकांची धाकटी. काका गेले तेव्हा तिनं ठरवलं म्हणे, गल्लीतल्या सगळ्यांना परत जागा मिळवून द्यायची. तिनं मला योजनेचं विचारलं आणि मला धड सांगता आलं नाही."

सांगतो. तुझा भाऊ त्याच खात्यात खुर्ची झिजवतोय.

शहरातले जे भाग मोडकळीला आले, तिथे कुणी पैसा घालायला तयार नव्हतं. म्हणून सरकारनं योजना काढली. अशा भागात जो मालक जुनी इमारत पाडून नवी बांधेल, त्याला दहा वर्षं घरपट्टी माफ आणि वर दोन मजले जास्त. अट एकच, त्या गल्लीतले निम्म्याहून जास्त गाळे वर्षभर बंद पडलेले असायला हवेत. ते आमच्या खात्यानं जाऊन बघायचं. तीन वेगवेगळ्या दिवशी, तीन भेटी. आणि आणखी एक कलम होतं, जे कुणी मोठ्यानं वाचलं नाही. पाहणीत ज्याचं दुकान चालू सापडेल, त्याला नव्या इमारतीत जुन्याच भाड्यानं गाळा द्यायचा. जे बंद सापडेल, त्याला काही नाही. आपल्या गल्लीत सत्तावीस गाळे होते. यादी लागली तेव्हा सत्तावीसही बंद.

पुढे तू लिहितेस, आणि हे वाचून मी पत्र उलटं ठेवलं, "मला ठाऊक आहे चूक माझीच. तुझ्या ऑपरेशनच्या वेळी मी तेरा दिवस दुकान बंद ठेवलं. शिंपीकाका म्हणत होते, अगं निदान दुपारचं उघड. मी ऐकलं नाही. नेमके तेव्हाच ते पाहणीवाले आले असणार. बाकीच्यांचं काय झालं ते मला माहीत नाही, पण माझं दुकान मी माझ्या हातानं घालवलं. तरी तू उभा राहिलास ना, मग दुकान गेलं तर गेलं."

ताई, त्या तेरा दिवसांत तू हॉस्पिटलच्या त्या स्टुलावर बसून होतीस. पित्ताशय काढल्यावर मी पहिल्यांदा डोळे उघडले तेव्हा तू नर्सच्या ट्रॉलीचं करकरणारं चाक उलटं करून त्यात तेल सोडत होतीस. एवढं मला आठवतं.

शेवटी तू लिहिलंयस, "एक काम कर. तू ऑफिसातच आहेस तर ती फाइल काढून बघ, पाहणी कोणत्या तारखांना झाली. त्या तेरा दिवसांत असेल तर मी वकीलबाईला सांगेन, माझं नाव काढ, बाकीच्यांचं लढ. उगीच माझ्यामुळे त्यांचा दावा पातळ व्हायला नको. सुनावणी अठ्ठावीस फेब्रुवारीला आहे."

बघतो.

बारक्या


२ फेब्रुवारी

ताई,

फाइल सापडत नाही. मधे रेकॉर्ड रूम वरच्या मजल्यावर हलवली, त्या गोंधळात बरंच काही इकडेतिकडे झालंय. वकीलबाईंचा अर्जही आमच्याकडे आलाय, त्यांनाही बहुतेक असंच कळवतील. साहेब म्हणाले, "सापडत नाही म्हणजे सापडत नाही, जास्त खोलात जाऊ नका. जूनमध्ये निवृत्त होताय, सुखानं व्हा."

तू मनाला लावून घेऊ नकोस. तेरा दिवसांचं डोक्यातून काढून टाक.

गुडघ्यांना ते मलम लावतेस ना?

बारक्या


९ फेब्रुवारी

ताई,

मागचं पत्र खोटं होतं. फाइल माझ्याच कपाटात आहे. खालच्या कप्प्यात, जुन्या कॅलेंडरांच्या मागे. किल्ली माझ्या खिशात असते.

हे पत्र माझ्याकडून तुझ्या भावजयीनं लिहून घेतलंय असं समज. मागच्या पत्राचा कच्चा कागद तिला टेबलावर सापडला. ती आरडाओरडा करणारी नाही, तुला माहीत आहे. कपडे घड्या करता करता म्हणाली, "यापुढे वन्संचा फोन आला की तुम्हीच उचला. मला त्यांच्याशी बोलायला तोंड राहिलं नाही." तिला सगळं ठाऊक नाही, निम्मंच आहे. पण निम्म्यावरच ती असं म्हणाली.

तर तू विचारलेलं उत्तर. पाहणी तुझ्या तेरा दिवसांत झालेली नाही. मी घरी येऊन, टाके काढून, कामावर रुजू झाल्यावर झाली. ऑगस्टच्या शेवटच्या मंगळवारी. तू दुकान उघडून वीस दिवस झाले होते. माझ्या ऑपरेशनशी त्याचा काडीचा संबंध नाही. तीन वर्षं तू स्वतःला जे म्हणत आलीस ते आजच्या आज थांबव.

मंगळवार म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. आपल्या गल्लीची आठवड्याची सुट्टी. सोमवारी आला असता किंवा बुधवारी, तर पाहणी करणाऱ्याला निदान चौदा-पंधरा दुकानं चालू दिसली असती. तो मंगळवारीच आला. फाइलमध्ये आणखी दोन भेटींच्या तारखा आहेत, पण त्या दोन दिवशी कुणी आलंच नव्हतं. टेबलावर बसून भरलेल्या आहेत.

हे वकीलबाईंना सांगायला हरकत नाही.

बारक्या


१३ फेब्रुवारी

ताई,

काल तुझा फोन आला. तू रडत होतीस आणि मधे मधे हसत होतीस. म्हणालीस, "म्हणजे माझं नव्हतं रे चुकलं!" मग म्हणालीस, "मी वकीलबाईला सांगितलं, आमचा बारक्या आहे ना तिथे. कोण होता तो पाहणीवाला, तो हुडकून काढेल. तूच ये साक्षीला." आणि ठेवता ठेवता, "जेवलास का?"

मी हो म्हटलं.

आता मूग गिळून बसणं पुरे झालं. तो पाहणीवाला मीच.

आपल्या माणसाचं दुकान असलेल्या गल्लीची पाहणी आम्हाला करता येत नाही, तसं लिहून द्यावं लागतं. मी दिलं नाही. तुला सांगितलं, तुमची गल्ली दुसऱ्याकडे आहे. छापलेल्या यादीवर नाव नसतं, फक्त शिक्का. आत, फाइलमध्ये, सत्तावीस वेळा माझी सही आहे.

का केलं, याची मखलाशी तीन वर्षं चालू आहे. कधी वाटतं, आजारपणाच्या रजेमुळे माझ्याकडे अकरा गल्ल्यांचं काम साचलं होतं आणि साहेबांना शुक्रवारपर्यंत याद्या हव्या होत्या. हे खरं आहे. कधी वाटतं, मी हे तुझ्यासाठीच केलं. तुझ्या दुकानात गटाराचं पाणी शिरायचं, तू मशीनं विटांवर चढवून ठेवायचीस, आणि "तुझ्या ऑफिसातून काहीच होत नाही का रे?" म्हणायचीस. म्हटलं, गल्ली योजनेत बसली की सगळंच नवं होईल. हेही खरं आहे. पण गल्ली बसत नव्हती, ताई. कायमचे बंद गाळे बाराच होते. चौदा लागत होते. दोन कमी म्हणून साहेबांनी ती वगळायला सांगितली असती, माझी एक यादी कमी भरली असती, आणि सगळ्यात लवकर याद्या पुऱ्या करणारा म्हणून ऑफिसात जे नाव लागणार होतं, ते दुसऱ्याचं लागलं असतं. हे तिसरं आहे, आणि हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

मंगळवारी गेलो की सगळीच बंद दिसतील, हे मला चांगलं माहीत होतं. आपण त्या गल्लीत वाढलो. ही चूक बाहेरच्या माणसाला सुचलीच नसती.

आणि ते कलम मी वाचलं नव्हतं, असं तुला वाटत असेल तर तेही नाही. वाचलं होतं. ठरवलं होतं, तुझ्या एका गाळ्याची नोंद नंतर गुपचूप दुरुस्त करीन. बाकीच्या सव्विसांचा विचार केला नव्हता. तुझ्याही नोंदीचं आज करू, उद्या करू, अशी चालढकल केली, आणि यादी छापून आली.

आता उरलं ते लिहितो. 

त्या मंगळवारी तुझं दुकान बंद नव्हतं.

तू आत होतीस. शाळेच्या गणवेशाची ऑर्डर घेतलेल्या त्या बाईंचं मशीन अडलं होतं म्हणून सुट्टीच्या दिवशी आली होतीस. शटर पूर्ण वर, अंगात तो निळा अर्धा कोट, मशीन आडवं पाडलेलं, पोट उघडं. मला बघून काय आनंद झाला तुला! "आजारी माणसानं उन्हात कशाला फिरायचं?" म्हणालीस, कोपऱ्यावरून चहा मागवलास. आपण पायरीवर बसून प्यायलो. तू माझ्या टाक्यांचं विचारत होतीस आणि मी समोरची सव्वीस बंद शटरं बघत होतो. त्यांच्यात एकच उघडं. प्रत्येक गाळ्याचा फोटो लावावा लागतो; तो एक फोटो तसा फाइलला लागला असता तर कुणीही विचारलं असतं, हे एक चालू आहे तर उरलेली आज कशी बंद?

मी म्हटलं, "ताई, जरा शटर खाली ओढ ना. एक फोटो काढतो."

तू विचारलंस, कशाला?

मी म्हटलं, "गटाराची तक्रार लावतो. शटर खाली असलं की पाण्याची खूण नीट दिसते."

तू लगेच उठलीस. आकडा घेतलास, शटर खाली ओढलंस, आणि फोटोत येऊ नये म्हणून बाजूला सरकून उभी राहिलीस. मीच सांगितलं, आणखी थोडी सरक. फोटो काढला. मग तू शटर वर केलंस आणि कामाला बसलीस. मी चहा संपवला, कोपऱ्यावर जाऊन फॉर्म काढला आणि तुझ्या गाळ्यापुढे लिहिलं, बंद.

दोन महिन्यांनी मला प्रशस्तिपत्र मिळालं. सर्वांत जलद पाहणीचं. तू ते फ्रेम करून आणलंस. आमच्या हॉलमध्ये तूच खुर्चीवर चढून खिळा ठोकलास. ही म्हणत होती, पडाल वन्सं. तू म्हणालीस, "भावाचं आहे, मीच लावणार." तोवर यादी लागली होती. तुझं नाव त्यात बंद म्हणून होतं, आणि तू मला एका शब्दानं विचारलं नाहीस, कारण तुला वाटत होतं चूक तुझी आहे. मला ते दिसत होतं. मी तुझ्यासाठी खुर्ची धरून उभा होतो.

तुला वाटू दिलं, हे बाकी सगळ्यापेक्षा वाईट केलं मी. दुकान घेतलं ते एकदा. हे रोज केलं.

तो फोटो फाइलमध्ये आहे. आज खूप दिवसांनी नीट बघितला. तेव्हा घाईत दिसलं नव्हतं. शटर खाली, पण पायरीवर दोन कप आहेत आणि तुझी तेलाची कुप्पी. आणि डाव्या कडेला, अगदी कडेला, निळ्या कोटातला तुझा कोपर. मागे तारखेचा शिक्का.

वकीलबाईंकडे उद्या सकाळी फाइल घेऊन जातोय. सहीचं प्रतिज्ञापत्र लिहून ठेवलंय, त्यात या पत्रातलं सगळं आहे, चहासकट. साहेबांना सांगितलेलं नाही, सांगितलं तर ते मला समजावतील आणि मला समजावून घ्यायची फार सवय आहे. पेन्शन अडकेल. हिला सांगितलं. ती म्हणाली, "आधी वन्संचं पत्र टपालात टाका, मग काय ते बोलू."

माफ कर असं लिहिणार होतो. तुझ्यावर आणखी एक काम टाकल्यासारखं वाटलं, म्हणून खोडलं.

बारक्या


१२ मार्च

ताई,

त्या दिवशी तू नीट पोचलीस हे भाचीकडून कळलं. तिनं एवढंच सांगितलं, मीही पुढे विचारलं नाही.

वकीलबाईंनी निकालाचा कागद पाठवलाय, तुलाही येईल. तो कायद्याच्या भाषेत आहे म्हणून इथे साधं लिहितो. आपल्या गल्लीची यादी रद्द झाली. मालकाची घरपट्टी माफी थांबवली आहे. त्या ऑगस्टमध्ये ज्यांची दुकानं चालू होती त्या पंधरा जणांना तळमजल्यावर गाळे द्यायचे आहेत, जुन्या भाड्यानं. पंधरांपैकी नऊ जणांचा पत्ता लागलाय. शिंपीकाकांचा गाळा त्यांच्या धाकटीच्या नावे होईल. तिनं मला हे सगळं अगदी नीट, "काका" म्हणून सांगितलं. मी त्यांच्या नावापुढेही बंद लिहिलं होतं, आणि ते तिनं वाचलेलं आहे.

तुझा गाळा मीटरच्या खोलीशेजारचा. त्यात पाणी शिरणार नाही, मी गटाराचा उतार बघून आलो. महिन्याभरात ताबा मिळेल. कारखान्यात नोटीस द्यावी लागेल, ती वेळेत दे.

मला निलंबित केलंय. चौकशी लागेल. प्रशस्तिपत्र मी काढून माळ्यावर ठेवलं. खिळा तसाच आहे, तो निघता निघत नाही. तू ठोकलेला.

सुनावणीचं मात्र लिहायला हवं, कारण आपण दोघं तिथे होतो आणि आपल्यात धड बोलणं झालं नाही.

सुनावणी घेणाऱ्या मोठ्या साहेबांनी फोटो हातात घेऊन विचारलं, "हा कोपर कुणाचा?"

तू म्हणालीस, "माझा."

"शटर कुणी ओढलं?"

"मी."

"दुकान चालू असताना का ओढलंत?"

मला वाटलं, आता तू सगळं बोलशील. बोलायलाच हवं होतंस. तू म्हणालीस, "भावानं सांगितलं म्हणून." आणि खाली बसलीस. साहेबांनी पुढे काही विचारलं नाही. लिहिणाऱ्या बाईंनी तेवढंच उतरवून घेतलं.

नंतर बाहेर, जिन्यापाशी, मी उभा होतो. तू आलीस. पिशवीचा बंद हाताला गुंडाळत होतीस. गुडघा दुखतोय हे चालण्यावरून कळत होतं. वकीलबाई मागे राहिल्या, मुद्दामच. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "माझी बस साडेचारची आहे."

मी म्हटलं, सोडायला येऊ?

तू मान हलवलीस, नको म्हणून. दोन पायऱ्या उतरलीस आणि थांबलीस. चष्मा काढलास, पदरानं पुसलास, परत लावलास. तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात उत्तर तयार ठेवलं होतं. मग तू उतरून गेलीस.

सत्तावन्न वर्षांत पहिल्यांदा तू मला विचारलं नाहीस.

मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, ताई. पण विचारलं असतंस तर सवयीनं हो, जेवलो म्हणालो असतो, आणि त्या जिन्यात उभं राहून तुझ्याशी पुन्हा खोटं बोललो असतो.

बारक्या